गाडीची कवळी

काकांच्या थोरल्या नातीचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी एका रविवारी सकाळी काकू गाडीत बसल्या, मांडीवर पिशवी घेतली, दार ओढून घेतलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या,

"अहो, माझा पाय रस्त्यावर आहे."

"मग आत घे ना," काका आरसा पुसत म्हणाले.

"मी आतच आहे."

"मग पाय बाहेर कशाला ठेवलास?"

"पायही आतच आहे. पण रस्त्यावर आहे."

काकांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. काकूंचा उजवा पाय घोट्यापर्यंत गाडीच्या तळातून आरपार गेला होता आणि खाली त्यांची चप्पल डांबरावर व्यवस्थित टेकली होती. काकांनी पत्रा जपून बाजूला धरला, काकूंनी पाय वर घेतला. पाय आला, चप्पल खालीच राहिली. ती काढायला काका गाडीखाली आडवे झाले. खालून वर पाहिलं तर काकूंचा तळपाय, पिशवीचं बूड आणि गाडीचं छत, तिन्ही एका ओळीत दिसत होती.

"फार नाही," काका खालूनच म्हणाले. "थोडा गंज आहे."

"मला इथून तुमचं टक्कल दिसतंय," काकू म्हणाल्या. "थोडा कसा म्हणता?"

ह्या काकांना सगळे कवळीकाका म्हणत. त्यांनी अडतीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडे काम केलं होतं. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे आणि मागच्या खोलीत हे कवळ्या बनवायचे. निम्म्या गावाचं हसू ह्यांच्या हातचं होतं. रस्त्यानं जाताना कुणी हसलं की काका चेहरा बघत नसत, वरचा जबडा बघत आणि मनात म्हणत, बरी बसली आहे.

गाडी चोवीस वर्षांची होती. तिला आता काम एकच उरलं होतं. काकूंची मोठी बहीण, आक्का, पंचवीस मैलांवर समुद्राच्या अगदी काठाशी एकटी राहत होती. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान बंदरावर नोकरीला होते, ते गेल्याला अकरा वर्षं झाली होती आणि ह्या अकरा वर्षांत काका-काकूंनी एकही रविवार चुकवला नव्हता. बस तिथवर जात नसे. जिथवर जाई तिथून दोन मैल वाळूतून चालावं लागे आणि काकूंचे गुडघे घरातल्या दोन पायऱ्यांनाही कुरकुरत. म्हणजे गाडी होती तर आक्का होत्या. गाडी गेली की संपलं.

आणि गाडीची सरकारी तपासणी येत्या शुक्रवारी होती. तिच्या लायकीचा जुना दाखला पुढच्या रविवारी संपत होता. तपासणीत पास झाली तर आणखी दोन वर्षं. नापास झाली तर थेट भंगार.

त्या दिवशी काकू मागच्या सीटवर बसून गेल्या आणि बसूनच आल्या. आक्कांना कुणी काही सांगितलं नाही.

सोमवारी काका गाडी गॅरेजवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं ती वर उचलली, खाली उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि मग डोक्यावरची टोपी काढली.

"टोपी का काढलीस रे?" काकांनी विचारलं.

"सवय आहे काका. असं काही बघितलं की हात आपोआप जातो." त्यानं बोटानं जरा दाबलं. बोट आत गेलं. "समुद्राकडे नेता का?"

"दर रविवारी."

"खारा वारा आहे हा. तळ गेला. दाराखालचा उंबरा गेला, दोन्हीकडचा. पुढे बंपरच्या खालचा पत्रा तर वासापुरता उरलाय."

"गंज खरवडून काढलास तर?"

"काका, खरं सांगू? हिच्यात गाडी कमी आणि गंज जास्त आहे. गंज काढला तर तुम्ही घरी काय चालवत नेणार? स्टिअरिंग?"

"पत्रा कापून नवा जोडता येईल ना?"

"येईल की. तीन आठवडे लागतील. आणि शुक्रवार म्हणता तुम्ही." त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. "भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. चांगला माणूस आहे. हळू हातानं तोडतो."

काका गाडी घेऊन परत आले आणि अंगणात तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. बसून बसून त्यांना एक गोष्ट दिसली. काळी कड, मधे पोकळ, दाबलं की भुसभुशीत. हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"अगं," ते ओरडले, "ही तर कीड आहे!"

"कुठे?" काकू झाडू घेऊनच बाहेर आल्या.

"गाडीला! दातालाच लागते तशी. ह्यात वेल्डिंगवाल्याचं काय काम? कीड खरवडायची, माप घ्यायचं, साचा करायचा आणि कवळी बसवायची. आपल्या हातचं काम आहे."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांचा संसार झालेला असला की बायको नवऱ्याला वेडा म्हणत नाही. ती झाडू खाली ठेवते आणि भावाला फोन करते.

काकूंचे धाकटे भाऊ दुपारी सायकलवरून आले. ते पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. कुठल्याही कामात मदत करायची त्यांना मनापासून हौस होती आणि आजवर त्यांना कुणी थांबवू शकलं नव्हतं. बहिणीनं बोलावलं होतं भाऊजींची समजूत घालायला. पण मेहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाह्या सरसावल्या.

"भाऊजी, एक नंबर विचार आहे! आधी मात्र पाहणी करायची. कुठं कुठं पोकळ आहे ते ठोकून बघायचं."

"हळू ठोका," काका म्हणाले.

मेहुणे हातोडी घेऊन गाडीखाली शिरले. ठण्. ठण्. ठण्. खर्रर्र.

"हा गेलेला होता," खालून आवाज आला.

ठण्. खर्रर्र.

"हाही गेलेला होता."

"अहो मेहुणेबुवा, तो गेलेला नव्हता! सकाळी मी हात लावून पाहिलाय."

"आतून गेलेला होता भाऊजी. वरून कळत नाही." ठण्. खर्रर्र. "बघा!"

"तुम्ही तपासताय की पाडताय?"

मेहुणे बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर आणि मिशीवर तांबडा भुगा बसला होता. सकाळी गाडीला एक भोक होतं. आता अकरा झाली होती.

"पण आता नक्की माहीत झालं," मेहुणे समाधानानं म्हणाले.

मंगळवारी काकांनी माळ्यावरून जुनं सामान उतरवलं. निवृत्त होताना डॉक्टरांनी उरलासुरला माल त्यांना देऊन टाकला होता. प्लॅस्टरचं एक पोतं होतं, मेणाच्या पातळ पट्ट्या होत्या आणि हिरड्यांची गुलाबी पावडर तर डबेच्या डबे होती. काकांनी पांढरा डगला चढवला, चष्म्यावर चष्मा लावला आणि कामाला भिडले. त्यांचा हात बघण्यासारखा होता. कड साफ केली, ब्रशानं भुगा झटकला, फुंकर मारली. फुंकर मारताना सवयीनं तोंडातून गेलं, "चूळ भरा." गाडीनं काही केलं नाही.

तळाच्या मोठ्या भोकाचं माप घ्यायचं होतं. खालून फळीवर मेण लावून ती टेकवली आणि वरून प्लॅस्टर ओतायचं ठरलं. आता ओतलेलं प्लॅस्टर कडेकडेनं दाबून धरायला गाडीत कुणीतरी बसायला हवं होतं. मेहुणे बसले. गाडी घाण होऊ नये म्हणून त्यांनी बूट मोजे बाहेर काढून ठेवले. माणूस तसा विचारी होता.

"हातानं कड दाबायची," काकांनी बजावलं, "आणि दहा मिनिटं हलायचं नाही."

मेहुणे हलले नाहीत. हातानं कड दाबायची म्हणजे पुढे वाकावं लागत होतं आणि वाकल्यावर तोल जात होता, म्हणून त्यांनी एक पाय मधे टेकवला. दोन मिनिटं झाली.

"भाऊजी, खाली कोमट लागतंय."

"प्लॅस्टर घट्ट होताना तापतंच. छान होतंय."

"छान वाटतंयही. माझी टाच दुखत होती कधीची, तिला शेक मिळतोय."

काकांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. "तुमच्या टाचेचा काय संबंध?"

मेहुण्यांनी पाय जरा ओढून पाहिला.

"भाऊजी, रागावू नका. पाय येत नाहीये."

छिन्नी घेऊन मेहुण्यांचा पाय सोडवायला पाऊण तास लागला. सगळा वेळ मेहुणे "ताई, ताई" करत होते आणि ताई खिडकीतून "तुला मी कशासाठी बोलावलं होतं?" एवढंच विचारत होत्या. शेवटी पाय निघाला. काकांनी साचा उजेडात धरला आणि त्यांचा राग कुठच्या कुठे पळाला. कड सुरेख उमटली होती. मधोमध मेहुण्यांचं पाऊल होतं, पाची बोटांसकट, नखांसकट.

"काय माप आलंय!" काका हरखून म्हणाले. "अडतीस वर्षांत असं आलं नाही. तुमची करंगळी थोडी वाकडी आहे बरं का."

"पाऊल तेवढं बुजवून टाका."

"कशानं? पोतं संपलं."

बुधवारी काकू बाजारातून आल्या तर घरभर औषधासारखा उग्र वास सुटला होता. चारी शेगड्या पेटल्या होत्या. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं सगळ्यात मोठं पातेलं उकळत होतं आणि काका त्यात झाऱ्यानं हळूच काहीतरी उलटत होते.

"काय शिजतंय?"

"गाडी," काका म्हणाले. "डाव्या दाराचा उंबरा आहे हा. अजून वीस मिनिटं."

"माझ्या पातेल्यात?"

"उकळल्याशिवाय पक्कं होत नाही गं. माणसाच्या तोंडात जाणारी वस्तू करायला हेच करायचो मी. स्वच्छ असते."

"मग आज तेच वाढते तुम्हाला," काकू म्हणाल्या आणि पिशवी ओट्यावर आपटून बाहेर जाऊन बसल्या.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळे तुकडे बसले. इतके नेमके बसले की काकांनी अंगठ्यानं दाबल्यावर 'चप्' असा तो ओळखीचा आवाज आला आणि त्यांचे डोळे भरून आले. फक्त दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे सगळं गुलाबी होतं, हिरडीसारखं, मधे बारीक लाल शिरांसकट. दुसरी म्हणजे हाताला सवय जुनी. बंपरच्या खालचा तुकडा घासताना काका विचारात होते आणि हातानं आपला धर्म पाळला. तिथं ओळीनं हिरडीचे सुबक उंचवटे उठले होते. समोरून बघितलं तर गाडी ओठ वर करून हसत होती. रस्त्यानं जाणारा पाववाला सायकलवरून उतरला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि नकळत तोही हसला.

"काळा रंग मारू," मेहुणे डबा घेऊन आले.

त्यांनी रंग मारला. पण काकांनी सगळं काम आरशासारखं घासून चकचकीत केलेलं होतं. रंग थेंबाथेंबानं ओघळून खाली आला आणि मेहुण्यांच्या नव्या शर्टावर पक्का बसला.

"राहू दे," काका म्हणाले. "लपवायचं काय त्यात? चांगलं काम आहे."

मग ते पायरीवर काकूंच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं काकूच म्हणाल्या, "पास होईल का हो?"

"होईल."

"नाही झाली तर आक्काला कोण बघणार? रविवारची वाट बघत बसते ती. दारातच उभी असते, कपडे घालून, तयार."

"होईल म्हटलं ना," काका म्हणाले. पण ह्या वेळी जरा हळू म्हणाले.

शुक्रवारी तपासणीच्या आवारात गाड्यांची रांग होती. तपासनीस साहेब उंच, वाळलेले आणि गंभीर होते. त्यांच्या हातात एक छोटी हातोडी होती. ते एकेका गाडीभोवती फिरत, टक्कन ठोकत आणि कागदावर खूण करत. काकांच्या गाडीसमोर ते थांबले. गाडी हसली. साहेब हसले नाहीत.

"हे काय आहे?"

"दुरुस्ती आहे साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी हातोडी मारली. टप्. जोरात मारली. टप्. फार जोरात मारली, तेव्हा हातोडीचं डोकं दांड्यातून निसटून आवाराच्या भिंतीपर्यंत गेलं. गाडीच्या हिरडीला ओरखडासुद्धा नव्हता. काकांची मान नकळत ताठ झाली.

साहेबांनी कागद खिशात कोंबला आणि ते पाठीवर झोपून सरकत गाडीखाली गेले. मग खालून त्यांचा आवाज आला,

"आत कोण बसलंय? पाय वर घ्या!"

"आत कुणी नाही साहेब."

"पाय वर घ्या म्हणतो ना! तळातून पाय बाहेर आलाय. केवढा सुजलाय, गुलाबी पडलाय!"

"तो पाय गाडीचा आहे," काका म्हणाले.

"गाडीला पाय कसा असेल? कुणाचा आहे हा पाय?"

"माझा," मेहुण्यांनी बाजूला उभं राहून हात वर केला.

साहेब गाडीखालून बाहेर आले. त्यांनी मेहुण्यांच्या दोन पायांकडे पाहिलं, मग गाडीखाली पाहिलं, मग परत मेहुण्यांकडे पाहिलं. मग कचेरीत गेले आणि बाकीच्या चौघांना घेऊन आले. एकेक जण खाली जाऊन बघून आला. शेवटच्या कारकुनानं तर गाडीखाली जाऊन तळव्याला गुदगुल्या करून पाहिल्या.

"नियम असा आहे," साहेब शेवटी म्हणाले, "की जिथं धातू असायला हवा तिथं धातूच हवा."

"साहेब, हा माल ऐरागैरा नाही. ह्याच मालावर माणसं वीस वीस वर्षं कडक बिस्किटं फोडतात."

"गाडी चावत नाही."

"मग तर ह्याला काहीच त्रास नाही!"

साहेब विचारात पडले. बोलणं खोटं नव्हतं. "जॅक लावून बघू," ते म्हणाले. "उंबऱ्यानं गाडीचं वजन पेललं तर मी वर लिहून विचारतो. नाही पेललं तर माझा नाइलाज आहे."

मेहुण्यांनी डोळे मिटले. जॅकची दांडी फिरू लागली. गुलाबी उंबऱ्यावर भार आला. एक इंच, दोन इंच. उंबरा जागचा हलला नाही. गाडी वर उचलली गेली, चाक जमिनीवरून सुटलं. "वा!" रांगेतलं कुणीतरी म्हणालं. काकांनी तर टाळी वाजवायला हात वर केले होते.

त्याच वेळी 'खर्रर्र' असा एक लांबलचक आवाज झाला आणि गाडी खाली बसली. गुलाबी उंबरा जसाच्या तसा जॅकवर उभा होता, एकही चीर नव्हती. त्याच्या चारी बाजूंचा सगळा पत्रा मात्र भुगा होऊन पडला होता.

काकांनी हात खाली घेतले. त्यांना हे नवीन नव्हतं. "भरलेलं राहिलं," ते पुटपुटले, "दात गेला."

साहेबांनी कागद भरला. भरताना त्यांचाही हात जड झालेला दिसला. "जुना दाखला रविवारी सूर्यास्तापर्यंत चालतो," ते म्हणाले. "त्याच्या आत काय फिरायचं ते फिरून घ्या. हळू चालवा. सोमवारी दिसली तर मला जप्त करावी लागेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "काम मात्र सुंदर आहे हो."

गॅरेजवाल्यानं शनिवारी टोपी काढूनच तळाला दोन लोखंडी पट्ट्या मारल्या आणि वर जाड फळी टाकून दिली. रविवारी तिघंही निघाले. सांगायला माणसं असावीत म्हणून मेहुणेही बरोबर. वाटेत काकूंचे दोनदा डोळे पुसून झाले. "तू सांग," "नाही, तुम्ही सांगा," असं करता करता समुद्र आला.

आक्का दारात उभ्या होत्या. स्वच्छ कपडे, नीट विंचरलेले केस आणि तोंडभर शुभ्र दात. बसल्यावर, पाणी झाल्यावर, काकांनी घसा साफ केला.

"आक्का, गाडी नापास झाली. आजचा शेवटचा दिवस. आता दर रविवारी येणं... जमायचं नाही."

काकूंना हुंदका आला. मेहुण्यांनी जमिनीकडे पाहिलं. आक्कांनी एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे पाहिलं. मग उठल्या, आत गेल्या आणि पाण्यानं भरलेली वाटी घेऊन आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी तोंडात बोटं घातली, वरचे दात काढून वाटीत टाकले, खालचे काढून टाकले आणि एवढा मोठा उसासा सोडला की समोरचा पडदा हलला.

"हुश्श!" आक्का म्हणाल्या. "सुटले बाई एकदाची."

काकांचा चेहरा पांढरा पडला. कारण ती कवळी त्यांनीच केलेली होती.

"आक्का! टोचते?"

"खाली डावीकडे. सुई घुसावी तशी."

"कधीपासून?"

"केलीत तेव्हापासून. अकरा वर्षं."

"अहो मग बोलायचं नाही का?"

"कसं बोलू? तुम्ही जीव तोडून पंचवीस मैल येता आणि मी काय, तुमचं काम वाईट आहे म्हणू? शनिवारी रात्री उशाशी काढून ठेवते, रविवारी तुम्ही यायच्या आधी घालते, तुम्ही वळणापार गेलात की काढते. सोमवारी दिवसभर मऊ भात."

"म्हणून दारात उभी असायचीस?" काकूंचे डोळे मोठे झाले.

"गाडी दिसली की घालायला वेळ मिळावा म्हणून गं!"

काकूंनी डोळे पुसले आणि त्यांना एकदम राग आला. "आणि मी? ह्या वळणांनी दर वेळी माझ्या पोटात ढवळतं. अकरा वर्षं मी रविवारी सकाळी उपाशी निघते. का, तर तुझा हिरमोड नको!"

"मग येत कशाला होतीस, वेडे?"

"मग करू काय? तुला आमच्याकडे ये म्हणायची सोय नाही. तुला समुद्र आवडतो ना!"

"मला?" आक्का बिनदाताच्या तोंडानं ओरडल्या. "समुद्र? माझ्या चमच्यांना गंज, कुलपांना गंज, सुयांना गंज! रात्रभर तो घों घों करतो, झोप नाही. कोण म्हणालं मला समुद्र आवडतो?"

काकूंनी मेहुण्यांकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. मेहुणे खुर्चीत जरा लहान झाले.

"बाळ्या," आक्का म्हणाल्या, "तू?"

"आक्का, मी आपल्या मनचं नाही सांगितलं. भाऊजी तुला त्यांच्या घरी नेऊ म्हणत होते, तेव्हा मी म्हटलं, तिला विचारूसुद्धा नका, तिचा जीव समुद्रात आहे. तूच लिहिलं होतंस. लग्नानंतरचं तुझं पहिलं पत्र. आईनं जपून ठेवलं होतं. त्याच्यावरच तर मी वाचायला शिकलो. 'इथला समुद्र फार सुंदर आहे. मी फार सुखात आहे. मला इथून कुठेही जावंसं वाटत नाही.' पाठ आहे मला."

आक्कांनी कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा," त्या म्हणाल्या, "माझी पत्रं सासूबाई वाचून मग टपालपेटीत टाकायच्या!"

बाहेर समुद्र घों घों करत होता. मग काकूंना हसू फुटलं, मग आक्कांना, आणि आक्कांचं हसू बिनदाताचं असल्यामुळे ते बघून काकांना. मेहुणे सगळ्यात शेवटी हसले, परवानगी मिळाल्यासारखे.

काकांनी खिशातून कानस काढली. ती त्यांच्या खिशात असायचीच. वाटीतले खालचे दात उचलले, उजेडात धरले, डावीकडे एका जागी चार वेळा कानस फिरवली, धुऊन आक्कांच्या हातात दिले. आक्कांनी घातले. तोंड मिटलं. उघडलं. परत मिटलं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "दुखतच नाही."

"दोन मिनिटांचं काम होतं हो आक्का," काका रडवेल्या आवाजात म्हणाले. "दोन मिनिटांचं."

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठले. "सूर्य बुडायला साडेतीन तास आहेत. आक्का, काय काय न्यायचंय?"

"काही नको," आक्का म्हणाल्या. "सगळं गंजलंय." तरी त्यांनी दोन गाठोडी बांधली आणि दाराला कुलूप लावायला गेल्या. कुलूप लागेना. तसंच उघडं ठेवून त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मागे काकू आणि मेहुणे, मांडीवर एकेक गाठोडं घेऊन. काकांनी गाडी ताशी पंधरा मैलांच्या वर नेली नाही. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, पुढून येणारे गाडीचं तोंड बघून हसत होते आणि आक्का प्रत्येकाला सगळे दात दाखवून उलट हसत होत्या. घर आलं तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता.

सोमवारी भंगारवाला गाडी घेऊन गेला. गॅरेजवाला म्हणाला होता तसा तो खरंच चांगला माणूस होता, हळू हातानं उचलली त्यानं.

आक्कांनी काका-काकूंच्या घरी आल्यावर कवळी फार घातली नाही. टोचत नव्हती, पण आता भेटायला कुणी यायचं नव्हतं. सगळे घरातच होते. त्या तिथं सहा वर्षं राहिल्या. सातव्या वर्षी, मार्चच्या तीन तारखेला, बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या आक्का वारल्या. वय चौऱ्याऐंशी होतं.